वेस्टनमधलं बाळंतपण

५ ऑक्टोबर, शनिवार

काल संध्याकाळी पोचले. तेहतीस वर्षं सरकारी दौऱ्याची डायरी लिहिली आणि दर महिन्याला मेडिकल ऑफिसरची सही घेतली. ही वही कोणी तपासणार नाही, तेव्हा मनात येईल ते लिहायचं ठरवलंय.

विमानतळावर जावई आला होता, दर्शन. दीप्ती आली नाही. अठरा दिवसांच्या बाळंतिणीने यायचंही नसतं. तिथून गाडीने तीन तास. गाव समुद्रावर आहे, वेस्टन नावाचं. पूर्वी शहरातले लोक आगगाड्या भरभरून इथे उन्हाळ्याची सुटी घालवायला यायचे म्हणे. आता ते विमानाने दुसऱ्या देशात जातात आणि इथे म्हातारी माणसं उरलीत. त्यांच्यासाठी वृद्धाश्रम, आणि वृद्धाश्रमांसाठी आमच्या दीप्तीसारख्या नर्सेस. यांचं घर म्हणजे एका जुन्या लॉजचा दुसरा मजला. लॉज बंद झाल्यावर खोल्यांची घरं केलीत.

दार दीप्तीने उघडलं. गळ्यात पडेल असं वाटलं होतं. "आई, आधी हात धू," म्हणाली. नर्सची मुलगी नर्सच. बरं वाटलं.

खिडकीतून पाहिलं तर समुद्रच नाही. नजर पोचेल तिथपर्यंत राखाडी चिखल.

"समुद्र कुठाय गं?"

"गेलाय. येईल परत."

नातीचं नाव मयूरी ठेवलंय. वजन तीन किलो दोनशे. रंग चांगला, नाळ पडलीय, बेंबी कोरडी. दीप्तीचं सिझर झालंय, तेही दीड दिवस कळा देऊन. हे मला फोनवर सांगितलं नव्हतं. टाके कोरडे आहेत, दूध भरपूर. माता व बालक सुखरूप.

८ ऑक्टोबर, मंगळवार

डिंकाचे लाडू केले. सुंठ, हळीव, बाळंतशेपा, वाडीतल्या चिकूच्या सुकवलेल्या फोडी, सगळं डहाणूजवळच्या आमच्या आशागडहून आणलंय. दीप्ती अर्धा लाडू खाते आणि अर्धा खिडकीत ठेवते.

ही मुलगी आळशी नव्हती कधी, पण आता दिवसभर खिडकीपाशी बसते. मधेच उठून बाटल्या उकळते. उकळलेल्या पुन्हा उकळते. दूध असताना बाटली कशाला, विचारलं तर म्हणते, "मोजता येतं." बाळ झोपलं की तूही झोप, सांगितलं. पडून राहते, डोळे उघडे.

शेवटी मी रागावले. माझ्या नोकरीतल्या झरीच्या पाड्यांवरच्या बायका बाराव्या दिवशी शेतावर जातात, तुला इथे गरम पाणी नळाला, मशीन कपडे धुतं, आई हाताशी, तरी तोंड पाडून का बसतेस? सगळ्याच बायका बाळंत होतात.

"हो आई," म्हणाली आणि उठून केर काढला. कधीकधी थोडं बोलावंच लागतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

आज ऊन होतं. बाबागाडी घेऊन दोघी समुद्राकाठच्या रस्त्याने फिरलो. असं गाव मी पाहिलं नव्हतं. समुद्रात लांबपर्यंत खांबांवर बांधलेला पूल, आणि तो कुठेच जात नाही. टोकाला एक मोठं घर, त्यात खेळांची यंत्रं. थंडीने नाकं लाल झालेली, तरी म्हातारी जोडपी बाकांवर बसून कागदातले तळलेले मासे खात होती. वाळूवर गाढवं रांगेत उभी. प्रत्येकाच्या कपाळपट्टीवर नाव लिहिलेलं, आणि पोरं त्यांच्यावर बसून फेरी मारतात. आपल्याकडे गाढवावर बसवतात ते दुसऱ्या कारणासाठी, असं मी म्हणाले. दीप्ती हसली नाही.

"सुटीचं गाव आहे आई हे. सुटी संपलीय," म्हणाली.

पुलावर निम्म्यात पोचलो तेव्हा तिने बाबागाडी एकदम माझ्या हातात दिली. "तू धर. मी नको." आणि कठड्यापासून दूर, मधोमध चालायला लागली, हात दोन्ही बगलेत दाबून. थंडी वाजत असेल. स्वेटर घाल म्हणून घरीच सांगितलं होतं.

पुलाखाली पाटी होती. दर्शनला नंतर विचारलं, तर म्हणाला, चिखलात पाय रुततात, जाऊ नका असं लिहिलंय.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

इथल्या आरोग्य खात्याच्या बाई घरी आल्या. आमच्यासारखंच काम, फक्त त्यांना गाडी आहे. बाळाचं वजन केलं, तीन किलो सहाशे. मग दीप्तीला एक कागद दिला. दहा प्रश्न, मन कसं आहे याचे, समोर खुणा करायच्या. दीप्तीने दोन मिनिटांत केल्या, शेवटच्या प्रश्नाची तर वाचायच्या आधीच. नोकरीत असले कागद तिने दुसऱ्यांकडून भरून घेतलेले आहेत. बाई खूश. मीही. पोरगी हसत बोलत होती, इंग्रजी कसं सराईत.

जाताना बाईंनी मला जिन्यात थांबवलं. हळूहळू, हाताने खुणा करत विचारलं, ही झोपते का? जेवते का? मी म्हणाले, "येस, येस, गुड." तपासणीला आलेल्या माणसाला काय सांगायचं असतं ते मला शिकवायला नको. एकदा कागदावर काही वाईट चढलं की उतरत नाही. परदेशात तर जास्तच.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी दूध पाजताना दीप्ती म्हणाली, "आई, ती माझ्याकडे बघते ना, तेव्हा तिला कळलेलं असतं."

"काय कळलेलं असतं?"

"काही नाही."

मला वाटलं दृष्ट लागली असणार. माझा यावर तसा विश्वास नाही, पण करून टाकलं म्हणजे मन मोकळं होतं. मीठ, मोहरी, लाल मिरच्या उतरवून तव्यावर टाकल्या आणि छताला लावलेलं धुराचं यंत्र असं बोंबललं की अख्खी इमारत गोळा झाली. खालची जोनबाई धापा टाकत वर आली. ऐंशीच्या पुढची आहे, पूर्वी हे लॉज तीच चालवायची. मी कान धरून माफी मागितली. ती माझ्याकडे बघतच नव्हती. दीप्तीकडे बघत होती.

निघताना माझं कोपर धरून भरभर काहीतरी म्हणाली. मला 'विंडो' आणि 'ऑल डे' एवढंच समजलं. मी म्हणाले, "येस, व्हेरी नाइस व्ह्यू."

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आशागडला फोन लावला. आमचे हे, दीप्तीचे अण्णा, वाडीतूनच बोलले, चिकू उतरवताना. नातीला दाखवलं. अण्णांनी विचारलं, दीप्ती कुठाय? ती अंघोळीला गेली होती. तासभर झाला असेल.

बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, हिला तू डहाणूला घेऊन जा."

"नेऊ की. मार्चमध्ये सगळेच या."

"मार्च नाही. आता. तू एकटी ने."

बाळंतिणीला माहेरची ओढ लागते ती अशी. मला भरून आलं. तिच्या केसांना तेल लावून दिलं. डोकं चोळताना तिच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ लागल्या.

दर्शन पहाटे पाचला गोदामात कामाला जातो आणि येतो तो वाळलेल्या भाजीसारखा. त्याला म्हणाले, काळजी करू नकोस, मी आहे.

३० ऑक्टोबर, बुधवार

दवाखान्यात बसून लिहितेय. घडलं त्या क्रमाने लिहिते.

काल धनत्रयोदशी. सकाळी साडेदहाला मी करंज्यांचं सारण भाजत होते. घरात एकदम शांतता आहे असं वाटून बाहेर आले. दार सताड उघडं. बाबागाडी जागेवर, पाळणा रिकामा. दीप्तीच्या चपला दाराशी.

खिडकीतून पाहिलं. ओहोटी होती. वाळू संपते तिथून पुढे चिखलात एक निळा ठिपका. तिचा गाऊन.

मी दारामागचा कोट कधी अंगात घातला, कशी उतरले ते आठवत नाही. जिन्यात ओरडले, "जोन! जोन! बेबी!" आणि धावले. रस्ता, भिंत, पायऱ्या, मग वाळू, मग ओली वाळू, मग चिखल. दहा पावलांत पोटरीपर्यंत गेले. लहानपणी डहाणूच्या खाडीत निवट्या, गाळातले मासे, धरायला जायचो, तेव्हा शिकलेलं अंगात होतं. गाळात उभं राहायचं नाही, आडवं व्हायचं. कोपरं टाकून सरपटत गेले.

दीप्ती मांडीपर्यंत रुतली होती. बाळाला दोन्ही हातांनी डोक्याइतकं वर धरून उभी. मयूरी रडत होती. दीप्ती रडत नव्हती.

"आई, हिला घे. माझ्याकडून काहीतरी होईल."

"दीप्ती, कुठे चालली होतीस?"

"परत द्यायला. ती माझी नाहीये. मी सांभाळू शकत नाही हे त्यांना कळलंय. घे ना आई, माझे हात दुखतायत."

मी कोट काढून चिखलावर पसरला, बाळाला त्यात गुंडाळलं आणि बाही धरून ओढत निघाले. मागून पाण्याचा आवाज येत होता, भरती लागली होती. वाळूवर पोचले तेव्हा जोनबाई गाऊनवरच धावत आली होती आणि तिच्यामागे तटरक्षकांची गाडी. तिने फोन केला होता. माणसं फळ्या टाकत दीप्तीपर्यंत गेली. तिच्या पायांशी पाण्याची नळी खुपसून चिखल सैल केला. बाहेर काढलं तेव्हा पाणी तिच्या कमरेपर्यंत आलेलं.

मयूरी ठीक आहे. अंग गार पडलं होतं, आता गरम आहे. दीप्ती जिवंत आहे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन

दीप्तीला दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात हलवलंय. तिथे आई आणि बाळ एकत्र ठेवतात, पण बाळाला एक नर्स सांभाळते.

डॉक्टरीण तरुण आहे. टेबलावर फोन ठेवला, फोनमध्ये एक मराठी बाई, दोन्हीकडचं सांगणारी. ती म्हणाली, "मॅडम, डॉक्टर विचारतायत, बाळंतपणानंतर मुलीची झोप कशी होती?"

मी म्हणाले, बरी होती.

फोनमधली बाई इंग्रजीत बोलली. डॉक्टरणीने लिहून घेतलं. मग मी म्हणाले, "थांबा. खोटं आहे ते." आणि सगळं सांगितलं. बाटल्या, खिडकी, पुलावरचे बगलेतले हात, जिन्यातलं 'गुड'. फोनमधली बाई मधेच हळू म्हणाली, "मॅडम, सावकाश सांगा." आपल्याच माणसासारखी.

डॉक्टरणीने विचारलं, असं पूर्वी कधी पाहिलंय का, तुम्ही नर्स होता ना?

मी नाही म्हणाले. पण हे खरं नव्हतं, ते घरी आल्यावर लक्षात आलं. झरीच्या उपकेंद्रात होते तेव्हा एका पाड्यावर भिकी नावाची बाई होती. तिसरं बाळंतपण, मुलगा. बाळाकडे बघायची नाही, भिंतीकडे तोंड करून बसायची. सासू म्हणाली, अंगात आलंय. मी म्हणाले, नाटकं करते. अंगावर पाज म्हणून ओरडले आणि रजिस्टरात 'माता व बालक सुखरूप' लिहून दुसऱ्या पाड्यावर गेले. दहाव्या दिवशी ती विहिरीत सापडली. मी रजिस्टरात 'अपघात' लिहिलं. सगळ्यांनीच तसं म्हटलं होतं. इतक्या वर्षांत तिची आठवण फारशी आली नाही, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

बाहेर कुठेतरी फटाके वाजतायत. इथल्या लोकांचाही काही सण आहे म्हणे याच आठवड्यात.

६ नोव्हेंबर, बुधवार

दर्शन रजा घेऊन रोज दवाखान्यात जातो. आज परत आला, बूट न काढता खुर्चीत बसला. मी चहा दिला. कपाकडे बघत म्हणाला, "आई, तुम्ही नर्स होतात."

एवढंच. मग उठून त्याने कप धुतला. चहा तसाच ओतून.

मीही त्याला म्हणू शकले असते की तू नवरा होतास. नाही म्हणाले. पहाटे पाचला जाणाऱ्या माणसाला काय दिसणार? मी तर दिवसभर तिच्या समोर बसलेली होते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दीप्तीला मला भेटायचं नाहीये. डॉक्टरणीने फार सौम्यपणे सांगितलं. मी गेले की ती अस्वस्थ होते, हात धुवायला लागते. सध्या येऊ नका, हे तुमच्यावर रागाने नाही, असंही म्हणाली. फोनमधली बाई वेगळी होती आज, तिने ते पाठ केल्यासारखं सांगितलं.

समुद्रावर जाऊन बसले. बरीच दुकानं बंद झालीत, फळ्या लावून. गाढवं नाहीत. दर्शन म्हणतो, हिवाळ्यात त्यांना शेतावर नेतात. भरती होती. पाणी भिंतीला लागलेलं, तपकिरी, चहासारखं. याच पाण्याखाली तो चिखल आहे हे कोणाला सांगून पटणार नाही.

जोनबाई शेजारी येऊन बसली. थर्मासमधला चहा दिला. मग दोन्ही हातांची बोटं स्वतःच्या कानशिलांवर ठेवली आणि सगळं अंग एकदा झटकलं. "मी," अशी खूण केली. मग पोटावर हात ठेवला, आणि एवढंसं बाळ दाखवलं. आठ बोटं दाखवली, "मंथ्स, हॉस्पिटल," म्हणाली. विजेचे झटके. तिला. त्या बाळंतपणानंतर. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिच्या लॉजच्या सोळा खोल्या होत्या म्हणे आणि सगळं गाव तिला ओळखायचं, पण हे कोणाला माहीत नसावं.

३ डिसेंबर, मंगळवार

उद्याचं विमान. मार्चपर्यंत राहणार होते, पण दर्शनची आई येतेय उमरगावहून, तिच्याशी दीप्तीचं जमतं. हे दीप्तीनेच सुचवलं. लाडूचा डबा घेऊन दवाखान्याच्या दारापर्यंत गेले. दर्शन आत गेला, मी बाकावर बसले. काचेतून पाळण्याची कडा दिसत होती. मयूरीचं वजन पाच किलोच्या वर गेलंय. दर्शनने सांगितलं.

दीप्ती दाराशी आली नाही. मी वाट पाहिली नाही, असं लिहिणार होते. पाहिली.

८ डिसेंबर, रविवार, आशागड

दोन दिवस माणसांची रीघ. शेजारच्या जमनावहिनी पहिल्यांदा आल्या, मग वाडीतल्या बायका. कशी आहे नात? गोरी आहे का? समुद्रकाठी राहतात ना, मजा असेल. मी पुलाचं सांगितलं, गाढवांचं सांगितलं. गाढवांवर सगळ्या हसल्या.

अण्णांना मी फोनवर एवढंच कळवलं होतं की दीप्ती चिखलात घसरून पडली आणि थकव्यामुळे दवाखान्यात ठेवलंय. ते लोकांना तेच सांगतात. "थकवा आलाय पोरीला, तिथलं हवामान." मी शेजारी बसून मान डोलावते.

९ जानेवारी, गुरुवार

आज दुपारी दीप्तीचा फोन आला. तिचा स्वतःचा. मी ओटीवर चिकू निवडत होते, अण्णा झोपाळ्यावर.

चेहरा सुजलेला वाटला, औषधांनी. आवाज संथ. घरी आलीय गेल्या आठवड्यात. सासू चांगली आहे, म्हणाली. मयूरी हसायला लागलीय. मी काही सांगायला जाणार होते, तीळ, तेल, काहीबाही, आणि थांबले.

मग ती म्हणाली, "आई, मला सगळं आठवतं. डॉक्टर म्हणाल्या, काहींना आठवत नाही. मला आठवतं."

"बरं."

"तू हिला घेतलंस आणि निघालीस. मी तिथेच होते. तू वळून पाहिलं नाहीस."

मी फोन दोन्ही हातांनी धरला. अण्णांचा झोपाळा थांबला.

मागे या वहीत मी तो दिवस लिहिला. कोट, बाही, पाण्याचा आवाज. हे लिहिलं नव्हतं. लपवलं असं नाही. लिहिताना तिथे काही नव्हतंच, नुसती वाळूपर्यंतची वाट.

"दीप्ती, वळले असते तर मला पुढे जाता आलं नसतं."

तिच्या मागे पाळण्यातला आवाज येत होता.

"मला ठाऊक आहे," म्हणाली. "मी पण हिलाच घेतलं असतं. पण पाणी आलं ना आई, तेव्हा मला तुझी पाठ दिसत होती फक्त. अजून दिसते."

"मग?"

"मग काही नाही. तुला सांगायचं होतं. उद्या फोन करू नकोस. मी करेन, जमेल तेव्हा."

फोन ठेवला. अण्णा माझ्याकडे बघत होते. "कुठली पाठ? कसलं पाणी?" म्हणाले.

मी सांगितलं त्यांना. पहिल्यापासून. चिखल, निळा गाऊन, जिन्यात मी काय बोलले होते ते, मी कोणाला उचललं आणि कोणाला ठेवलं ते. अर्ध्यातच ते उठले आणि अनवाणीच वाडीत निघून गेले. मी चिकू निवडत बसले. कुठला पिकलाय, कुठला नाही, बोटांना काही कळत नव्हतं.

अंधार पडायच्या आत उठले आणि त्यांच्या मागे गेले. शेवटच्या झाडाखाली बसले होते. मी शेजारी बसले आणि राहिलेलं सांगितलं.